रोजची चीड तिच्या मापात कशी ठेवायची?

प्रश्न थोडक्यात असा: गुहागर तालुक्यात समुद्राजवळ घर, घरातच चार खोल्यांचं होमस्टे, मागे नारळ-सुपारीची वाडी. लाईट जाते, रेंज नसते, वानर शहाळी पाडतात, एसटी वेळेवर येत नाही, सातबाऱ्याचं काम अडकून पडलंय, त्यात भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप. यातलं काहीच मोठं नाही हे कळतं, तरी दिवस नासतो आणि संध्याकाळी घरातल्यांवर आवाज चढतो. सगळे म्हणतात, "सोडून दे." सोडून द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

"सोडून दे" या सल्ल्यात करण्यासारखी कृती एकही नाही, म्हणून तो कामाला येत नाही. "तुझं हे काहीच नाही, लोकांवर काय काय वेळ येते बघ" हा दुसरा सल्ला तर नुकसानच करतो. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात ज्यांची घरं-दुकानं पाण्याखाली गेली त्यांची आठवण काढून स्वतःला गप्प बसवलं, तरी चीड जागची हलत नाही. उलट "एवढ्याशा गोष्टीवरून मी चिडतो म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय" असा अपराधीपणा वर येऊन बसतो. आता चीडही आहे आणि तिची लाजही आहे. त्यामुळे चीड खोटी ठरवायची नाही. ती मोजायची, आणि जेवढी भरेल तेवढीच किंमत तिला द्यायची. पुढचं सगळं याच एका कामासाठी आहे.

आधी एक गोष्ट मान्य करू. छोट्या कटकटी माणसाला खरोखर झिजवतात. कॅनर, कॉइन, शेफर आणि लाझारस या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. शंभर मध्यमवयीन माणसं, ११७ कटकटींची यादी आणि दहा महिन्यांच्या नोंदी. मनाच्या तक्रारींचा अंदाज आयुष्यातल्या मोठ्या घटनांपेक्षा रोजच्या कटकटींवरून जास्त चांगला येतो, असं त्यात दिसलं. कोकणातल्या वाडीत राहणाऱ्याला याचं कारण वेगळं सांगायला नको. मोठा प्रसंग आला की वाडी धावून येते, जेवण येतं, मुंबईहून फोन येतात, रडायला मोकळीक असते. मोटर जळली म्हणून कोणी येत नाही, आणि उद्या सकाळी तीच मोटर पुन्हा समोर असते.

आता मोजायचं कसं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती इथे उपयोगी पडते. तिच्यात ० ते १०० अशी वाईटपणाची पट्टी वापरतात. ती स्वतःच्या हातांनी, शांत दिवशी, कागदावर लिहायची. वरून सुरुवात करा. १०० वर तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट ठेवा, बहुतेकांसाठी ते घरातलं माणूस जाणं असतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड, मंडणगड, दापोलीकडे ज्यांचे वडिलांनी लावलेले माड एका दुपारी आडवे झाले, ते त्याला ७५ देतील. हात मोडून सहा आठवडे प्लास्टर, ५०. ऐन मे महिन्यात तीन खोल्यांचं चार दिवसांचं बुकिंग आयत्या वेळी रद्द, ३०. रात्री दोन तास लाईट नाही, १०. वानरांनी पाच-सहा शहाळी पाडली, ४. आकडे माझे घेऊ नका. दुसऱ्याच्या आयुष्यातल्या खुणा ठेवल्या तर पट्टी चालत नाही. शंभरवर टीव्हीवर पाहिलेलं दूरचं युद्ध ठेवलं की मन म्हणतं, "ते तिकडे, माझं इथे," आणि मोजमाप फुकट जातं. खूण अशी हवी की तो दिवस तुम्हाला अंगात आठवेल.

वापरताना क्रम महत्त्वाचा आहे. चीड आली की मनात पहिला येईल तो आकडा दुरुस्त न करता घ्या. साठ आला तर साठ. मग पट्टीवरची एकच खूण शेजारी ठेवा: "हे मोडलेल्या हातापेक्षा वाईट आहे की बरं?" उत्तर द्यायला दोन-तीन सेकंद लागतात आणि साठाचे सहसा वीस-पंचवीस होतात. शून्य होत नाहीत, करूही नका. उरलेले वीस खरे आहेत. वीसला वीसची कृती द्यायची: एक फोन, दहा मिनिटं, पाचशे रुपये, जे काय असेल ते. साठची कृती, म्हणजे आरडाओरडा, दार आपटणं, नातं तोडणारा मेसेज, ही वीसवर खर्च करायची नाही.

यात लोक दोन ठिकाणी फसतात. काही जण चिडलेले असतानाच पट्टी बनवायला बसतात, मग तलाठी ऑफिसातली एक फेरी पंचाऐंशीवर जाऊन बसते. काही जण उलटं करतात. सगळ्याला दोन-तीन आकडे देऊन मोकळे होतात, कारण जास्त दिले तर आपण रागीट ठरू असं त्यांना वाटतं. अशा माणसांचा राग दिवसभर कुठेच दिसत नाही आणि रात्री भाजीत मीठ कमी पडल्याचं निमित्त करून बाहेर येतो. पहिला आकडा खरा लिहिला तरच दुसऱ्याला अर्थ आहे.

सात दिवस एक छोटी वही ठेवा. किती वाजता, काय झालं, पहिला आकडा, मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं, आणि तीन तासांनी तोच आकडा किती राहिला. "काय झालं" हे पंचनाम्यासारखं लिहायचं, विशेषण एकही नाही. "निर्लज्ज भावाने मुद्दाम अपमान केला" असं नाही, "सकाळी ९.४० ला ग्रुपवर लिहिलं की आंब्याचा हिशेब दिलेला नाही" असं. हे शिकायलाच दोन दिवस जातात, आणि बराचसा फायदा याच्यातच आहे. लिहिताना लक्षात येतं की झालेली गोष्ट एका ओळीची होती आणि बाकीचं पान आपण भरलं होतं.

एक नोंद जवळून पाहू. शनिवार संध्याकाळ, सात वाजले. आठ पाहुणे उतरलेत, फ्रीजमध्ये दोन किलो सुरमई, आणि लाईट गेली. पहिला आकडा ७०. मनातलं वाक्य: "नेमकं आजच, आणि नेहमी माझ्याच वाट्याला. पाहुणे असताना लाईट जाताच कामा नये." हे वाक्य नीट वाचा. पाहुणे असताना लाईट असावी ही इच्छा अगदी रास्त आहे. पण इच्छेचा हट्ट झाला की तारेवर पडलेल्या फांदीशी भांडण सुरू होतं, आणि ते कोणी जिंकत नाही. वाक्य बदलायचं ते असं: "लाईट असती तर बरं झालं असतं. गेली. टाकीत पाणी किती आहे?" शेवटी प्रश्न आहे हे मुद्दाम. "सगळं चांगलंच होईल" असं बळेच म्हणून मन फसत नाही, पण कामाचा प्रश्न विचारला की ते कामाला लागतं.

आता नुकसान रुपयांत आणि वेळेत मांडा. फ्रीजचं दार उघडलं नाही तर आतलं साधारण चार तास थंड राहतं. फ्रीजर गच्च भरलेला असेल तर ४८ तास, अर्धा असेल तर २४ तास. म्हणजे सुरमई फ्रीजरमध्ये असेल तर आज रात्री तिला धोका नाही, आणि खालच्या कप्प्यात असेल तर अकरापर्यंत वेळ आहे. तेवढ्यात ती रात्रीच्या जेवणात जाईल किंवा बर्फात. पाण्याचं: आठ माणसांना दिवसाला माणशी शंभर लिटर धरले तरी आठशे होतात, हजार लिटरची टाकी भरलेली असेल तर उद्या दुपारपर्यंत अडचण नाही. उरलं काय? उकाडा, आणि पाहुण्यांसमोर वाटणारा संकोच. सत्तरचे झाले वीस.

हे वीसही आधीच कमी करता आले असते. कोकणात मे महिन्यात आगोटीची तयारी करताना कोणी पावसावर चिडत नाही. लाकडं आत घेतात, कौलं चाळतात, मीठ-मिरची भरतात, कारण पाऊस येणार हे ठरलेलं आहे. रोजच्या कटकटींपैकी निम्म्याहून जास्त अशाच ठरलेल्या असतात, तरी प्रत्येक वेळी त्या पहिल्यांदाच आल्यासारखे आपण हबकतो. वहीत जे आठवड्यात दोनदा दिसेल त्याची आगोट करायची. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये "अमुक झालं तर मी तमुक करेन" अशा वाक्यांवर सविस्तर लिहिलं. "मी आता शांत राहीन" अशा मोघम निश्चयापेक्षा अशी वाक्यं जास्त पाळली जातात. वाक्यात वेळ, जागा आणि हाताने करायची कृती हवी. "पाहुणे असतील त्या दिवशी पाच वाजता टाकी भरून घेईन." पाच वाजता, कारण एक अश्वशक्तीचा पंप घरगुती इन्व्हर्टरवर चालत नाही. इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर. गळती आणि बॅटरीचं वय धरलं तर बाराशे-तेराशे हाती लागतात. तीन पंखे आणि आठ एलईडी मिळून २८० वॉटच्या आसपास घेतात, म्हणजे साडेचार तास. हे गणित माहीत असलं की दिवे गेल्यावर पाहुण्यांना "साडेअकरापर्यंत पंखे चालतील" असं सांगता येतं. नेमकं सांगता आलं की सांगणाऱ्याचाही आवाज खाली येतो.

वानरांबद्दल वेगळं काही नाही. ते कुठल्या माडांवर येतात हे ठरलेलं असतं, त्या माडांवरची शहाळी आधी उतरवायची, आणि हंगामात ठरावीक नारळ वानरांच्या खात्यावर धरून चालायचं. खात्यावर धरलेलं गेलं की तितकं लागत नाही.

कारण माहीत असणं हेही औषध आहे, आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. माणूस गैरसोयीवर जितका चिडतो त्याहून जास्त "हे मला मुद्दाम केलं जातंय" या भावनेवर चिडतो. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावतेय, पण रोहा-वीर टप्पा सोडला तर मार्ग बहुतांशी एकेरीच आहे. समोरून गाडी येत असेल तर एकीला स्टेशनात थांबावंच लागतं. पावसाळी वेळापत्रकात दरडींच्या भीतीने वेग उतरवलेला असतो. संगमेश्वरला पंचवीस मिनिटं उभी असलेली गाडी तुमचा वेळ खात नसते, क्रॉसिंगची वाट बघत असते. लाईटचंही तेच. तारा झाडीतून, डोंगरातून जातात. एक फांदी टेकली की अख्खा फीडर बंद पडतो आणि वायरमनला कधी कधी पावसात लाईन चालत तपासावी लागते. १९१२ वर तक्रार नोंदवा, नंबर लिहून ठेवा, आणि परत फोन किती वाजता करायचा ते तेव्हाच ठरवा. दर पाच मिनिटांनी फोन केल्याने फांदी लवकर निघत नाही, तुमची चीड मात्र दर पाच मिनिटांनी ताजी होते.

सरकारी कामाची चीड थोडी वेगळी हाताळावी लागते, कारण तिथे नुसता धीर धरणं बरोबर नाही. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतींसाठी पंधरा दिवस द्यावेच लागतात, तेवढे दिवस चिडण्यात अर्थ नाही. पण महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली येणाऱ्या सेवेसाठी अर्ज दिला की पोचपावती मागा, तिच्यावर काम पूर्ण होण्याची तारीख असते. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. तोपर्यंत फेऱ्या बंद. तारीख टळली की तीस दिवसांच्या आत पहिलं अपील. "बघू, होईल" या टांगत्या उत्तरावर माणूस चाळीस दिवस रोज थोडा थोडा जळतो. तारीख हातात असली की जळायचं कारणच उरत नाही, टळली तर अपील लिहायचं असतं.

प्रत्यक्ष भडका उडतो तेव्हा पट्टी आठवत नाही, म्हणून आधी शरीर. चार सेकंद नाकाने श्वास आत, सहा सेकंद हळू बाहेर, असं पाच मिनिटं. मिनिटाला सहा श्वास होतात. बाहेर सोडताना घाई झाली तर उपयोग नाही. खाली बसा, पाणी प्या. "एकदा भडास काढली की मोकळं वाटतं" हे खरं नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये सहाशे विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. ज्याने राग आणला त्याचा विचार करत ज्यांनी बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारले, त्यांचा राग काही न करता बसलेल्यांपेक्षा जास्त निघाला. २०२४ मध्ये बुशमन यांनीच एका सहकारी संशोधिकेबरोबर दीडशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही हेच दिसलं: शरीर निवलं की राग निवतो. शेजारणीला फोन लावून तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगणं हाही पिशवीवरचा ठोसाच. एकदा सांगा, आणि "मी आता काय करू?" असं विचारून संपवा.

भावकीच्या ग्रुपला एक साधा नियम पुरतो. उत्तर लिहायचं असेल तर ग्रुपमध्ये लिहायचं नाही, स्वतःला पाठवायच्या चॅटमध्ये लिहायचं आणि जेवण झाल्यावर वाचायचं. ग्रुप आठ तासांसाठी म्यूट करता येतो, तो करायचा. सामाईक जमिनीच्या सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं असतात आणि हिशेबाचा वाद ग्रुपवर आजवर मिटलेला नाही. तो गणपतीत सगळे गावी आले की खळ्यात समोरासमोर, कागद पुढे ठेवून मिटला तर मिटतो. वाचताना स्वतःला नावाने विचारा, म्हणजे तुमचं नाव सुहास असेल तर "मी का चिडलोय?" याऐवजी "सुहास का चिडलाय?" मानसशास्त्रज्ञ एथन क्रॉस यांच्या २०१४ च्या प्रयोगांत अशा एवढ्याशा बदलानेही माणसं ताणाच्या वेळी जास्त शांत राहिली. जोडीला, "पुढच्या होळीला हे आठवेल का?" असंही विचारा.

दुपारकडे विशेष लक्ष द्या. वही भरली की बहुतेकांच्या जास्त आकड्याच्या नोंदी एक ते चारमध्ये किंवा अपुऱ्या झोपेच्या दुसऱ्या दिवशी सापडतात. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावर घाम सुकत नाही, रात्री पंखा बंद पडला की झोप तुकड्यातुकड्यांची होते. अशा दिवशी त्याच घटनेला पंधरा आकडे जास्त पडतात. म्हणून पैशांचं बोलणं, कामगाराला काढणं, पाहुण्याच्या तक्रारीला लेखी उत्तर, हे सगळं सकाळी अकराच्या आत. दुपारी पोटात काही आणि पाणी गेल्याशिवाय कोणाचाही हिशेब तपासू नये.

एका बाबतीत सावध राहा. प्रत्येक गोष्ट लहान करणं हा या पद्धतीचा गैरवापर आहे, आणि घरातल्या बायकांच्या बाबतीत तो सर्रास होतो. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत पाहुण्यांचं सगळं एकीच्याच अंगावर असेल आणि ती चिडत असेल, तर तिला पट्टी देऊ नका. तिच्या कामातली तीन कामं काढून घ्या. वहीत एकच कारण आठवड्यात चार वेळा दिसलं, तर त्याचे आकडे दहा-दहा असले तरी तो निस्तरायचा प्रश्न आहे. शेजारी सांडपाणी तुमच्या विहिरीकडे सोडत असेल तर श्वासाचा व्यायाम करत बसू नका, ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या. दारू पिऊन होणारी शिवीगाळ, मारहाण, ही तर रोजची कटकट नव्हेच. तिथे बाईने महिला हेल्पलाइन १८१ वर फोन करावा.

घरातल्यांवर आवाज चढलाच, तर त्याच दिवशी भरून काढायचं. "मी तुझ्यावर ओरडलो, ते चुकलं. लाईट गेली त्यात तुझा काही दोष नव्हता." एवढंच बोलायचं. पुढे "पण तूसुद्धा..." जोडलं की माफी रद्द होते. मुलं लहान असतील तर त्यांनाही याच शब्दांत सांगा, नाहीतर ती दोष स्वतःकडे घेतात.

आणि हे सगळं तीन-चार आठवडे नीट करूनही आकडे खाली येत नसतील तर तपासणी करून घ्या. थायरॉइड, रक्तदाब, साखर, पाळी जाण्याचा काळ, रोजची दारू, रात्रीची अपुरी झोप, यातल्या कशानेही माणूस चिडका होतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज चिडचिड, झोप-भूक बिघडलेली, नेहमी आवडणाऱ्या गोष्टीतही रस नाही, असं असेल तर ते नैराश्य असू शकतं. पुरुषांमध्ये ते बऱ्याचदा रडण्यापेक्षा रागाच्या रूपात दिसतं. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालयांतही मानसोपचाराची सोय असते. मरणाचे विचार येत असतील तर आठवड्यांचा हिशेब करू नका, त्याच दिवशी घरातल्या कोणालातरी सांगा आणि मदत घ्या. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. घरात रेंज धरत नसेल तर आधी रेंज येते त्या जागेवर जाऊन बसा आणि मग लावा, कारण बोलणं अर्धा तासही चालू शकतं. तपासणीला जाताना वही बरोबर घ्या. डॉक्टर किंवा समुपदेशक पहिल्यांदा जे विचारतात, कधीपासून, किती वेळा, दिवसाच्या कुठल्या वेळी, त्याची उत्तरं तिच्यात आधीच लिहिलेली असतात.